न विचारता बदललेली ऑपरेटिंग सिस्टीम : पूर्ववत कशी करावी आणि पुन्हा कशी रोखावी

तक्रार नेहमी एकाच स्वरूपात येते. संध्याकाळी संगणक नेहमीप्रमाणे बंद केलेला असतो. सकाळी तो सुरू केल्यावर खालच्या पट्टीतील चिन्हे मध्यभागी सरकलेली दिसतात, सुरुवातीचा मेनू ओळखू येत नाही आणि कालपर्यंत चालणारी एखादी वस्तू, बहुधा प्रिंटर, आज चालत नाही. कोल्हापुरातील शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, शिवाजी उद्यमनगर आणि मार्केट यार्ड या भागांतील लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल मी करतो. ‘संगणक बिघडला’ असा निरोप ज्या ज्या वेळी येतो, त्यांतील बऱ्याच वेळा प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नसते; मालकाला न विचारता, किंवा विचारल्याचे केवळ निमित्त करून, त्याच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदललेली असते. एकदा दुरुस्त करून दिल्यावर काही महिन्यांनी तोच निरोप त्याच कार्यालयातून पुन्हा येतो, म्हणून निदानापासून प्रतिबंधापर्यंतची सगळी पद्धत येथे लिहीत आहे. आज्ञांची आणि नोंदींची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करावीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. दर महिन्याला येणारी सुरक्षा दुरुस्ती आणि विंडोज १० वरून विंडोज ११ वर नेणारा आवृत्तीबदल या दोन पूर्णपणे वेगळ्या बाबी आहेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. ती न बसवलेले संगणक त्यात सापडले. त्यामुळे सुरक्षा दुरुस्त्या बंद करण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. आवृत्तीबदल मात्र घराची चौकट बदलण्यासारखा आहे. तो करावा की नाही, आणि करायचाच तर कोणत्या दिवशी करावा, हे त्या संगणकावर ज्याचा व्यवसाय उभा आहे त्याने ठरवायचे आहे.

मार्केट यार्डातील एक उदाहरण

गुळाच्या ऐन हंगामात श्री शाहू मार्केट यार्डातील एका अडत दुकानातून सकाळी फोन आला. सौदे आटोपले होते, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, थांबले होते आणि प्रिंटर प्रत्येक पट्टी अर्धी एका कागदावर व अर्धी पुढच्या कागदावर छापत होता. गुळाच्या रव्यांची संख्या, वजन आणि दर वरच्या तुकड्यावर, हमाली, तोलाई आणि देय रक्कम खालच्या तुकड्यावर, अशी ती पट्टी कोणाच्या हातात देण्याजोगी नव्हती. गावाकडची गाडी धरायची घाई असलेल्या माणसाला तासभर थांबवून ठेवणे ही त्या दुकानाच्या दृष्टीने पैशांपेक्षा मोठी बाब होती, कारण अडत्याचा धंदा शब्दावर आणि वेळेवर चालतो. शेवटी मुनिमांनी कार्बन लावून हाताने पट्ट्या लिहिल्या.

प्रिंटरमध्ये दोष नव्हता. रात्रीतून संगणक विंडोज ११ वर गेला होता. त्या बदलात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा जुना ड्रायव्हर (विंडोज आणि प्रिंटर यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम) जाऊन त्या जागी सर्वसाधारण ड्रायव्हर बसला होता आणि सहा इंची सलग कागदासाठी पूर्वी केलेली मापाची नोंद नाहीशी झाली होती. सगळ्यांचा समज असा झाला की संगणकाने हे आपोआप केले. तपासल्यावर डाउनलोड्स फोल्डरमध्ये ‘विंडोज ११ इन्स्टॉलेशन असिस्टंट’ ही फाईल मिळाली. तिची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळची होती, आणि नेमक्या त्याच वेळी पट्टीचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा माणूस एका किरकोळ दुरुस्तीसाठी दूरस्थ पद्धतीने त्या संगणकात शिरलेला होता. विचारल्यावर त्याने मान्य केले की जुनी आवृत्ती दिसली म्हणून त्याने जाता जाता नवी चढवण्यास लावली होती. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. परंतु दुकान कोणाचे, संगणक कोणाचा आणि हंगाम कोणाचा, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही, आणि माझ्या मते सगळ्या समस्येचे मूळ तेथेच आहे. सक्ती नेहमीच ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्याकडून होते असे नाही. मालकाला विचारण्याची गरज ज्याला वाटत नाही, अशा कोणाकडूनही ती होते.

प्रथम निदान : बदल झाला का, केव्हा आणि कोणाकडून

विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ असे टाइप करावे. त्यात विंडोजचे नाव आणि २२एच२ किंवा २४एच२ असा आवृत्ती क्रमांक दिसतो. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सिस्टिमइन्फो’ ही आज्ञा द्यावी. तिच्या यादीतील मूळ स्थापनेची तारीख प्रत्येक मोठ्या आवृत्तीबदलानंतर नव्याने लिहिली जाते, त्यामुळे संगणक चार वर्षांचा आणि स्थापनेची तारीख कालची असे दिसले तर शंका उरत नाही. सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर आहे का तेही पाहावे, कारण परतीचा मार्ग त्याच्यावर अवलंबून आहे आणि डिस्क साफ करण्याच्या उत्साहात ते कोणी पुसू नये.

बदल कोणत्या वाटेने आला हे समजल्याशिवाय प्रतिबंध करता येत नाही. सेटिंग्जमधील अपडेटचा इतिहास, डाउनलोड्स फोल्डर, प्रोग्रॅम फाइल्समधील इन्स्टॉलेशन असिस्टंटचे फोल्डर आणि विंडोज फोल्डरमधील ‘पँथर’ या उपफोल्डरातील स्थापनेच्या नोंदी, या चार ठिकाणी तारीख आणि वेळ जुळवून पाहावी. अपडेटच्या इतिहासात नोंद असेल तर बदल विंडोज अपडेटमधून आला आहे. असिस्टंटचे फोल्डर आढळले तर ते कोणीतरी मुद्दाम चालवले आहे, आणि मग त्या वेळी संगणकासमोर कोण होते किंवा दूरस्थ मदतीच्या सॉफ्टवेअरमधून कोण जोडलेले होते हे विचारावे. हे विचारताना कार्यालयातील कर्मचाऱ्यावर रोष काढू नये. पूर्ण पडदा व्यापणाऱ्या सूचनेवर होकाराचे बटण ठळक निळे आणि नकार बारीक अक्षरांतील दुव्यात दिलेला असेल, तर काम अडलेला माणूस ठळक बटणच दाबणार.

पूर्ववत करणे

नवी आवृत्ती बसल्यापासून दहा दिवसांच्या आत असाल, तर जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात रिकव्हरी आणि त्यात ‘गो बॅक’ असा तो मार्ग आहे. विंडोज १० सुरुवातीला आले तेव्हा ही मुदत महिनाभराची होती. २०१६ मधील एका मोठ्या अपडेटनंतर ती दहा दिवसांवर आणण्यात आली. दहा दिवस कमी वाटत असतील, उदाहरणार्थ महिनाअखेरीचे काम सुरू असेल, तर ती मुदत संपण्यापूर्वीच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डिस्म’ या आज्ञेच्या ‘सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो’ या पर्यायाने ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. मुदत उलटल्यावर ही आज्ञा उपयोगाची नाही.

परत जाण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने केल्यास पुढचा मनस्ताप टळतो. हिशेबाचा डेटा, पट्ट्यांची फाईल, पत्रिकांची कामे, जे काही महत्त्वाचे असेल ते बाहेरच्या डिस्कवर घ्यावे आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या कुलूपव्यवस्थेने बंद असेल तर त्याची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कागदावर लिहून घ्यावी, कारण ती नसेल तर डेटा डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही. यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का हे तपासावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते हे सांगण्याची गरज नाही, आणि परतीची प्रक्रिया मध्येच तुटणे सर्वांत वाईट. त्यानंतर इंटरनेटची वायर काढून ठेवावी आणि मगच ‘गो बॅक’ दाबावे. वायर काढायची ती यासाठी, की जुनी आवृत्ती आल्यावर प्रतिबंधाची नोंद करण्याआधीच नव्या आवृत्तीचा प्रस्ताव पुन्हा दारात उभा राहू नये. तुमच्या फाइल्स या प्रक्रियेत राहतात. बदलानंतर नव्याने बसवलेले प्रोग्रॅम मात्र जातात.

दहा दिवस उलटून गेले असतील आणि मुदतही वाढवलेली नसेल, तर डेटा बाहेर काढून विंडोज १० नव्याने बसवणे एवढाच मार्ग उरतो. परवान्याची चिंता करू नये. त्या संगणकाची डिजिटल नोंद मायक्रोसॉफ्टकडे असते आणि तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम किंवा प्रोच्या जागी प्रो, बसवल्यास इंटरनेट मिळताच ती आपोआप सक्रिय होते.

परत जाणे शक्य नसेल तर

प्रत्येक ठिकाणी परत जाणे शक्य किंवा शहाणपणाचे असतेच असे नाही. अशा वेळी बंद पडलेल्या वस्तू एकेक करून चालू करून घ्याव्या लागतात.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अर्धी पट्टी छापत असेल, तर आधी त्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवावा, मग प्रिंट सर्व्हरच्या गुणधर्मांत ‘फॉर्म्स’ या भागात जाऊन दहा इंच रुंद व सहा इंच उंच, किंवा तुमच्या कागदाचे जे माप असेल ते, नवे नाव देऊन नोंदवावे. एवढ्याने काम होत नाही. प्रिंटरच्या छपाई पसंतीत आणि प्रगत सेटिंग्जमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी तोच फॉर्म निवडावा लागतो. एका ठिकाणी निवडून दुसरीकडे विसरल्यास पहिली पट्टी बरोबर येते आणि दुसरीपासून कागद सरकू लागतो. डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने सांभाळावा ही सोयही बंद करावी, नाहीतर लेझर प्रिंटरवर एखादे पत्र छापले की पुढची पट्टी तिकडेच जाते.

उद्यमनगरातील आणि शिरोली, गोकुळ शिरगाव येथील वर्कशॉपमध्ये अडचण निराळी असते. जुन्या सीएनसी मशिनला (दिलेल्या प्रोग्रॅमनुसार धातू कापणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवण्यासाठी आरएस-२३२ हा जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट वापरला जातो आणि संगणकाला तो पोर्ट नसल्याने मध्ये यूएसबी ते सिरियल अशी वायर असते. स्वस्त वायरींत प्रोलिफिक पीएल२३०३ मालिकेची जुनी चिप सर्रास आढळते. विंडोज ११ सोबत येणारा नवा ड्रायव्हर या जुन्या चिपला नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, ही चिप २०१२ पासून बंद केली असून पुरवठादाराशी संपर्क साधावा, अशा अर्थाची ओळ पिवळ्या चिन्हासह दिसते. ती ओळ पाहून मशिनचा कंट्रोलर गेला असे समजू नये. ड्रायव्हरच्या यादीतून जुनी आवृत्ती निवडून काम तात्पुरते सुरू करता येते. परंतु कास्टिंग मशिनवर चढलेले असताना मध्येच संपर्क तुटणे परवडत नाही, म्हणून एफटीडीआय चिपची चांगली वायर घ्यावी असे माझे मत आहे. आवृत्तीबदलानंतर कॉम पोर्टचा क्रमांकही बदलतो. मशिनला प्रोग्रॅम पाठवणारे डीएनसी सॉफ्टवेअर कॉम ३ शोधत असते आणि वायर कॉम ५ वर जाऊन बसलेली असते; पोर्टच्या प्रगत सेटिंग्जमध्ये तो क्रमांक पूर्वीचा करून द्यावा.

लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके करणाऱ्या डीटीपी कार्यालयांत जुन्या मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावलेल्या किल्लीवजा उपकरणावर, चालते आणि डोंगलचा जुना ड्रायव्हर नवी प्रणाली अडवते. विंडोज सिक्युरिटीमधील ‘कोअर आयसोलेशन’ या भागात न जुळणाऱ्या ड्रायव्हरची नावे दिसतात. तेथील संरक्षण बंद करून डोंगल चालवण्याचा मोह आवरावा आणि डोंगल बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर आधी शोधावा. पेजमेकरमध्ये पान मांडताना निवडलेला प्रिंटर बदलला तर मजकूर नव्याने जुळवला जातो आणि ओळी सरकतात, त्यामुळे जुनी पत्रिका उघडताच ‘सेव्ह’ न करता आधी प्रिंटर पूर्वीचा आहे का ते पाहावे. करसल्लागारांच्या कार्यालयांत डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारे सॉफ्टवेअर पुन्हा बसवल्यास बहुतेक वेळा काम भागते. मात्र जीएसटीच्या ३बी विवरणपत्रासाठीची वीस तारीख कोणासाठी थांबत नाही, म्हणून अशा कार्यालयांत दर महिन्याच्या दहा ते वीस तारखांदरम्यान संगणकात कोणताही मोठा बदल होऊ देऊ नये.

पुन्हा होऊ नये म्हणून

संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर मार्ग सरळ आहे. ‘जीपीएडिट’ हे धोरणे ठरवण्याचे साधन उघडून संगणकाच्या धोरणांत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट आणि विंडोज अपडेट फॉर बिझनेस या क्रमाने जावे. तेथे ‘सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ हे धोरण सुरू करून पहिल्या चौकटीत विंडोज १० आणि दुसऱ्या चौकटीत २२एच२ असे लिहावे. रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींतून, करायचे असल्यास लोकल मशीनच्या सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज अपडेट या जागी तीन नोंदी लागतात : ‘टार्गेट रिलीज व्हर्जन’ ही एक या मूल्याची अंकी नोंद, ‘प्रॉडक्ट व्हर्जन’ मध्ये विंडोज १० आणि ‘टार्गेट रिलीज व्हर्जन इन्फो’ मध्ये २२एच२. ही तिन्ही नावे शब्दांत जागा न सोडता लिहायची असतात. यामुळे दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या (विंडोज १० साठी आता पुढे सांगितलेल्या वाढीव नोंदणीतून येणाऱ्या) अडत नाहीत, फक्त आवृत्ती जागच्या जागी राहते. विंडोज ११ वर असलेल्यांनीही हीच पद्धत वापरून पुढच्या आवृत्तीची वेळ स्वतः ठरवावी. तेथे धोरणाचे स्थान थोडे वेगळे, ‘मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट’ या नावाखाली आहे.

हे कुलूप एकदा लावून विसरण्याचे नाही. नोंदवलेल्या आवृत्तीची सेवा संपून साठ दिवस झाले की संगणक आपोआप पुढे नेला जातो, असे मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजात म्हटले आहे. शिवाय कुलूपही चुकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही संस्थांचे विंडोज सर्व्हर २०१९ आणि २०२२ न सांगता सर्व्हर २०२५ वर गेले आणि त्याचे कारण अपडेट सांभाळणारी त्रयस्थ साधने असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये, प्रशासकांनी धोरणाने रोखलेले असूनही काही संगणकांना विंडोज ११ देऊ केले गेल्याचे त्या कंपनीने स्वतःच मान्य केले. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विनव्हर पाहून आवृत्ती वहीत लिहिण्याची सवय मी माझ्या सर्व ग्राहकांना लावली आहे.

होम आवृत्तीत ‘जीपीएडिट’ नाही. तेथे अपडेटच्या पानावर नव्या आवृत्तीचा प्रस्ताव दिसल्यास ‘सध्या विंडोज १० वरच राहा’ अशा अर्थाचा लहान दुवा शोधून तो दाबावा, अपडेट उपलब्ध होताच मिळवण्याचे बटण बंद ठेवावे, आणि सणाच्या किंवा हंगामाच्या काळात अपडेट स्थगित करावे. ही स्थगिती विंडोज १० मध्ये पस्तीस दिवसांपर्यंत टिकते आणि त्यानंतर साचलेल्या दुरुस्त्या घेतल्याशिवाय पुन्हा मिळत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर ती जोडणी ‘मीटर्ड’ (मोजून डेटा मिळणारी) म्हणून नोंदवावी, म्हणजे बहुतेक डाउनलोड विचारल्याशिवाय होत नाहीत. ज्या संगणकावर व्यवसाय चालतो त्यावर प्रो आवृत्तीच असावी, असे मी आग्रहाने सांगतो. नाही म्हणण्याचा अधिकार पैसे देऊन विकत घ्यावा लागावा हे मला पटत नाही, पण आज वस्तुस्थिती तशी आहे.

दोन उपाय आपल्याकडे सर्रास सुचवले जातात आणि ते दोन्ही टाळावेत. विंडोज अपडेटची सेवाच बंद करणे हा पहिला. ती सेवा पुन्हा सुरू करणारी दुसरी सेवा विंडोजमध्ये असते, आणि कशीबशी बंद राहिलीच तर सुरक्षा दुरुस्त्याही थांबतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन टीपीएम ही सुरक्षेची चिप बंद करणे हा दुसरा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, त्यामुळे संगणक अपात्र ठरतो हे खरे. परंतु ड्राइव्ह बिटलॉकरने बंद असेल तर पुढच्याच सुरुवातीला अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागितली जाते आणि ती कोणाकडेच नसते.

दूरस्थ मदतीची वाटही बंद करावी लागते. सॉफ्टवेअर पुरवठादाराला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते देऊ नये, साधे खाते द्यावे. मालक समोर नसताना आत येऊ देणारा कायमचा पासवर्ड काढून टाकावा. आणि वार्षिक देखभालीच्या करारात पुढील वाक्य घालावे : ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती बदलली जाणार नाही, आणि तशी बदलल्यास ती पूर्ववत करण्याचा खर्च सेवा देणाऱ्याकडे राहील.’ मी माझ्या स्वतःच्या करारांतही हे वाक्य घातले आहे.

मुदत संपलेल्या आवृत्तीचे काय

विंडोज १० साठीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, म्हणजे गुळाच्या मुहूर्ताचे सौदे ज्या दिवाळी पाडव्याला होतात त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. यानंतर जुन्या आवृत्तीवर राहायचे तर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करावी. घरगुती ग्राहकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तीस डॉलर भरून, मायक्रोसॉफ्टचे हजार रिवॉर्ड गुण वापरून किंवा सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्याशी जोडून ती मिळते. मायक्रोसॉफ्टचे खाते मात्र तिन्ही पर्यायांत लागते. एकाच कामाला वाहिलेल्या मशिनच्या संगणकांसाठी विंडोज १० ची दीर्घकालीन आवृत्ती असते. आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ला जानेवारी २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, त्यामुळे मशिन विकणाऱ्याकडे तिची चौकशी करावी. ज्या संगणकावर केवळ ब्राउझर आणि पत्रव्यवहार चालतो, त्यावर लिनक्स मिंट बसवून पाहण्यास हरकत नाही. तेथे कोणती दुरुस्ती केव्हा घ्यायची हे यादीत पाहून माणूस ठरवतो आणि जुन्या यंत्रावरही ते चालते. टॅलीसारखे विंडोजसाठीच बनवलेले सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

तक्रार कोठे आणि कशाच्या आधारे

संमती म्हणजे काय, हा वाद नवा नाही. २०१५-१६ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ वरून विंडोज १० वर जाण्याची मोफत सवलत सुरू असताना सूचनेची चौकट फुली दाबून बंद केली तरी ठरलेल्या वेळेचा बदल कायम राहत असे, आणि फुलीचा अर्थ नकार असाच आयुष्यभर समजलेल्या लोकांचे संगणक बदलले गेले. कॅलिफोर्नियातील एका लहान प्रवास व्यावसायिकेने लघुवाद न्यायालयात दाद मागितली आणि मायक्रोसॉफ्टने तिला दहा हजार डॉलर दिले. त्या काळात आपण मर्यादा ओलांडली, असे कंपनीचे विपणन प्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी डिसेंबर २०१६ मध्ये बोलून दाखवले. घाईचा दुसरा धोका ऑक्टोबर २०१८ मध्ये दिसला. त्या वेळच्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फाइल्स पुसल्या आणि ते मागे घ्यावे लागले. जे थांबले होते त्यांच्या फाइल्स वाचल्या.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला नकळत होकाराकडे ढकलणाऱ्या फसव्या रचनांविरुद्ध (‘डार्क पॅटर्न’) मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत तेरा प्रकार सांगितले. एक पर्याय ठळक करून दुसरा झाकणे, सतत तगादा लावणे आणि सक्तीची कृती हे त्यांतील तीन. या व्याख्या मुख्यतः खरेदीच्या व्यवहाराभोवती बांधलेल्या आहेत, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीमच्या पडद्यावरील सूचनेला त्या लागू करण्यासाठी युक्तिवाद करावा लागेल; तरीही नकाराचा दुवा बारीक आणि होकाराचे बटण मोठे, ही रचना पहिल्या प्रकारात बसते असे माझे स्पष्ट मत आहे. परवाना करारात आपोआप येणाऱ्या अपडेटना संमती लिहिलेली असते, हे उत्तर समोरून येईल. त्यावर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील अनुचित कराराची तरतूद दाखवता येते. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, परंतु स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू बसते, म्हणून एकट्याने डीटीपी करणाऱ्याने किंवा लहान लेथ चालवणाऱ्याने आपण ग्राहक नाही असे परस्पर ठरवू नये.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पुढे जायचे असल्यास कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. त्यासाठी पुरावा पहिल्या दिवशीच जमवावा लागतो : सूचनेच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, विनव्हरची आधीची आणि नंतरची चौकट, पँथर फोल्डरची प्रत, थांबलेल्या कामाची नोंद आणि दुरुस्तीची पावती. परत जाण्याची प्रक्रिया केल्यावर यातील बरेचसे पुसले जाते, म्हणून आधी प्रत आणि मग दुरुस्ती हा क्रम पाळावा.

मार्केट यार्डातील त्या दुकानाचा संगणक त्याच दिवशी दुपारी जुन्या आवृत्तीवर आला आणि संध्याकाळच्या पट्ट्या सहा इंची कागदावर पूर्ववत छापल्या गेल्या. तो संगणक विंडोज ११ साठी पात्र आहे आणि त्यांना पुढे जायचेही आहे. मालकांनी स्वतः दिनदर्शिका पाहून मे महिन्यातील, हंगाम संपल्यानंतरचा एक रविवार निवडला आहे. तोपर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट सुरू आहेत, प्रिंटरचा नवा ड्रायव्हर मी दुसऱ्या संगणकावर तपासून ठेवला आहे आणि कागदाच्या मापाची नोंद मुनिमांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे.